पाण्याची पारख करणाऱ्या एलेनबाई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई यांची चरित्रे आपण आजवर वाचली. यंदा हे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी मुद्दाम परदेशातील एका बाईंची निवड केली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजीतला मजकूर माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने मला वाचून व समजावून सांगितला. तो मी माझ्या साध्या शब्दांत येथे मांडीत आहे.

या बाईंचे नाव एलेन स्वॅलो रिचर्ड्स. नद्या, तळी आणि विहिरी यांचे पाणी शास्त्रशुद्ध रीतीने कसे तपासावे, ठिकठिकाणची नोंद कशी ठेवावी आणि त्या नोंदीवरून पाणी कोठे बिघडत आहे हे कसे ओळखावे, ही वाट अमेरिकेत ज्या थोड्या माणसांनी घालून दिली त्यांत या बाईंची गणना होते. आपल्या मुलींना शाळा-कॉलेजात शिकवतात तो गृहविज्ञानाचा विषयही बऱ्याच अंशी त्यांच्याच खटपटीने उभा राहिला. घरकाम आणि शास्त्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे त्यांनी कधी मानले नाही. मला त्यांचे चरित्र जवळचे वाटले ते याच कारणाने.

एलेनबाईंचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डन्स्टेबल या खेड्यात झाला. आईवडील दोघेही शिक्षकी केलेले. ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी प्रकृती नाजूक असल्यामुळे तिचा अभ्यास घरीच झाला आणि मोकळ्या हवेत शेताचीही कामे तिने केली. आईने तिला स्वयंपाक, शिवण व भरतकाम उत्तम शिकविले. तेराव्या वर्षी तिने जत्रेतल्या प्रदर्शनात भरतकाम केलेला रुमाल आणि घरी भाजलेला पाव या दोहोंसाठी बक्षिसे मिळविली. पुढे मुलीला चांगल्या शाळेत घालता यावे म्हणून १८५९ साली हे कुटुंब वेस्टफर्ड गावी राहायला आले. तेथे वडिलांनी किराणा मालाचे दुकान काढले. मुलगी शाळा करून दुकानातही बसे व घरही पाही.

शाळा संपल्यावर मात्र पुढचा मार्ग खुंटला. मुलींसाठी कॉलेजे त्या काळी नव्हती म्हटले तरी चालेल. आई सारखी आजारी, घरची सारी कामे अंगावर, आणि मनात शिकण्याची तळमळ. या काळातली दोन वर्षे तर त्यांना अतिशय जड गेली. जीव कोंडल्यासारखा झाला होता. पण त्यांनी हात बांधून घेतले नाहीत. कोणाच्या मुलांना शिकव, कोणाच्या घरी स्वयंपाक कर, कोणाकडे साफसफाई कर, असे करीत त्यांनी तीनशे डॉलर जमविले. त्या पुंजीवर १८६८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील व्हासार कॉलेजात त्या दाखल झाल्या. मुलींचे हे कॉलेज सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तेथेही शिकवण्या करून त्या आपला खर्च भागवीत.

आपल्यातल्या कितीतरी जणींना असे वाटते की आता आपले शिकण्याचे वय गेले. मीही त्यांतलीच. म्हणून हे पंचविसावे वर्ष मी येथे मुद्दाम लिहिले आहे. आज ते वय लहान वाटेल, पण त्या काळी त्या वयाच्या मुलीचा संसार सुरू झालेला असे.

व्हासारमध्ये त्यांना मारिया मिचेल या नामांकित ज्योतिर्विदुषी गुरू म्हणून लाभल्या. आकाशातल्या ताऱ्यांची त्यांना फार ओढ वाटली. परंतु शेवटी त्यांनी रसायनशास्त्र निवडले. ज्या विद्येचा माणसांच्या रोजच्या जगण्याला उपयोग होईल ती आपण घ्यावी, असा त्यांचा विचार होता. १८७० साली त्या पदवीधर झाल्या. नोकरीसाठी बोस्टनमधील रसायनांच्या एका पेढीकडे त्यांनी अर्ज केला. पेढीने जागा दिली नाही, पण बोस्टनच्या तंत्रविद्येच्या संस्थेत चौकशी करून पाहा, असा सल्ला दिला. जगभर एमआयटी या नावाने ओळखली जाते तीच ही संस्था. तेथे तोपर्यंत एकाही स्त्रीने पाऊल ठेवले नव्हते.

संस्थेने त्यांना प्रवेश दिला, तोही फी न घेता. गरीब मुलगी म्हणून ही सवलत मिळाली असे त्यांना प्रथम वाटले. खरे कारण पुढे कळले. कोणी तक्रार केलीच, तर ही आमची रीतसर विद्यार्थिनी नाही, असे सांगण्याची सोय संस्थेने करून ठेवली होती. हे आधी कळते तर आपण त्या अटीवर गेलोच नसतो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. शिक्षण सुरू होऊन थोडेच महिने झाले होते, तोच १८७१ साली रेल्वेच्या अपघातात वडील दगावले. आईचा भार एकटीवर आला. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही.

प्रयोगशाळेत त्या एकट्या स्त्री. सारे पुरुष, त्यांतल्या काहींच्या कपाळाला आठ्या. एलेनबाई कोणाशी वाद घालीत बसल्या नाहीत. एखाद्या प्राध्यापकाचे बोट कापले तर त्या पट्टी बांधीत, टेबलावरची धूळ झाडीत, कोणाचे काही उसवले असेल तर शिवून देत. शिकलेली बाई घरकामाला निकामी होते हा लोकांचा आक्षेप त्यांना कामानेच खोडून काढायचा होता. माझी भाची हे वाचताना रागावली. ती म्हणाली, पुरुष विद्यार्थ्याला कोणी बटणे लावायला सांगितली असती का? तिचे म्हणणे खोटे नाही. मला मात्र असेही वाटले की बंद दाराची कडी काढायला ज्या बाईकडे जे साधन होते ते तिने वापरले. तिच्यामागून येणाऱ्या मुलींना सुईदोरा न्यावा लागला नाही.

१८७३ साली त्या या संस्थेच्या पदवीधर झाल्या. संस्थेची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. याच वर्षी व्हासार कॉलेजाने त्यांना एम.ए. ची पदवी दिली. पुढे डॉक्टरेट मिळविण्याची त्यांची इच्छा होती, पण ती या संस्थेने कधीच पुरी केली नाही. त्यांच्या यजमानांनी पुढे लिहून ठेवले आहे की रसायनशास्त्रातली पहिली डॉक्टरेट एका स्त्रीला द्यावी हे तिथल्या मंडळींना रुचले नाही. हे यजमान म्हणजे त्याच संस्थेतील खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स. त्यांच्याशी ४ जून १८७५ रोजी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतरचा पहिला प्रवासही खाणी पाहायला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या घोळक्याबरोबर झाला. या जोडप्याला मूलबाळ झाले नाही, परंतु त्यांच्या घरी शिकणाऱ्या मुलींचा सदैव राबता असे.

लग्नाने काम थांबले नाही. स्त्रियांना रसायनशास्त्र शिकता यावे म्हणून १८७६ साली संस्थेत एक वेगळी प्रयोगशाळा उघडली. तिच्यासाठी बोस्टनच्या एका स्त्रीशिक्षण मंडळाने पैसा उभा केला होता. एलेनबाई तेथे बिनपगारी शिकवीत, उलट पदरचे पैसे घालीत. तेथे शिकायला येणाऱ्यांत शाळांतल्या शिक्षिका पुष्कळ होत्या. १८८३ साली, म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेस गेल्या त्याच वर्षी, ही प्रयोगशाळा बंद करण्यात आली. कारण आनंदाचे होते. मुली आता मुलांच्या बरोबरीने मुख्य प्रयोगशाळेत शिकू लागल्या होत्या. पण एलेनबाई त्यामुळे रिकाम्या झाल्या. पुढच्याच वर्षी, १८८४ साली, आरोग्य रसायनाची नवी प्रयोगशाळा निघाली आणि तेथे त्यांना शिक्षिकेची जागा मिळाली. ती जागा त्यांनी मरेपर्यंत, सत्तावीस वर्षे सांभाळली.

आता ज्या कामासाठी मी हे चरित्र सांगत आहे त्याकडे येते.

तो काळ गिरण्यांचा होता. मॅसॅच्युसेट्स राज्यात नद्यांच्या काठी कापडगिरण्यांची शहरे वाढत होती. शहराचा मैला व सांडपाणी नदीत सोडायचे आणि त्याच नदीचे पाणी खालच्या गावाने प्यायचे, असा प्रकार सर्रास चाले. मेरिमॅक नदीवर वरच्या बाजूला लॉवेल आणि खालच्या बाजूला लॉरेन्स ही दोन गिरणगावे आहेत. लॉवेलने सोडायचे आणि लॉरेन्सने प्यायचे. विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, माणसे मरत. पाणी नितळ दिसे, थंड लागे, वासही येत नसे. मग दोष पाण्याचा आहे हे सांगणार कोण? रोगजंतूंचे शास्त्र त्या वेळी नुकतेच बाळसे धरू लागले होते.

एलेनबाईंनी शिकत असतानाच, १८७२ सालापासून, प्राध्यापक निकोल्स यांच्या हाताखाली राज्याच्या आरोग्य मंडळासाठी पाणी तपासण्याचे काम केले होते. १८८७ साली त्या मंडळाने साऱ्या राज्याच्या पाण्याची पाहणी करायचे ठरविले. हे राज्य जमिनीने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडे मोठे. तेथील पिण्याच्या पाण्याची तळी, नद्या, ओढे, विहिरी यांतून दर महिन्याला नमुने घ्यायचे, बाटल्यांत भरून बोस्टनला पाठवायचे आणि तेथे ते ताबडतोब तपासायचे. पाणी बाटलीत राहिले की बदलते, म्हणून उशीर चालत नसे. या कामाचे मुख्य प्राध्यापक ड्राऊन होते, आणि प्रयोगशाळेची सारी जबाबदारी एलेनबाईंकडे होती. सुमारे दोन वर्षांत वीस हजारांवर नमुने त्यांच्या व त्यांच्या मदतनिसांच्या हातांखालून गेले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर अशी पाहणी अमेरिकेत पूर्वी झाली नव्हती.

पाण्यात काय पाहत? रंग, वास व गाळ तर पाहतच. शिवाय अमोनिया किती आहे ते मोजीत. घाण ताजी असेल तर पाण्यात अमोनिया सापडतो, आणि ती जुनी होऊन कुजत गेली की त्याचे नायट्रेट होते. म्हणजे पाण्यात घाण केव्हा मिसळली याचाही अंदाज येतो. आणि मीठ मोजीत. चांदीपासून केलेले एक औषध थेंबाथेंबाने पाण्यात टाकायचे, पिवळ्या पाण्याला तांबूस छटा आली की थांबायचे, आणि किती थेंब लागले त्यावरून मिठाचे प्रमाण काढायचे.

हे मिठाचे प्रकरण मला फार आवडले, कारण ते कोणाही बाईला समजेल असे आहे. आपण जे मीठ खातो ते शरीरात साठून राहत नाही, लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून सांडपाण्यात मीठ असतेच. घाण पाणी जमिनीत मुरले तर माती बाकीची घाण पुष्कळशी गाळून घेते, पण मीठ मात्र गाळले जात नाही. ते पाण्याबरोबर विहिरीत येते. तेवढे मीठ काही अपाय करीत नाही, पण ते घाणीचा साक्षीदार असते.

परंतु येथे एक अडचण होती. मीठ समुद्रावरून वाऱ्याबरोबरही येते. माझे माहेर कोकणातले. तेथे खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत गंजतात, घाटावर तितके गंजत नाहीत, हे आपण पाहतो. मॅसॅच्युसेट्सलाही समुद्रकिनारा आहे. तेव्हा किनाऱ्याजवळच्या निर्मळ तळ्यात जेवढे मीठ स्वाभाविक असेल, तेवढेच मीठ आतल्या डोंगराळ भागातल्या विहिरीत सापडले तर ती विहीर बिघडलेली असली पाहिजे. मग ठरवायचे कसे? ज्या ठिकाणी माणसांची वस्ती नाही अशा निर्मळ तळ्यांतले मीठ मोजून ते आकडे नकाशावर मांडण्यात आले. तेव्हा असे दिसले की किनाऱ्यापासून जसजसे दूर जावे तसतसे मीठ कमी होत जाते. सारख्या आकड्यांची ठिकाणे रेषांनी जोडली तर त्या रेषा किनाऱ्याला जवळपास समांतर धावतात. हा झाला त्या प्रदेशाचा स्वाभाविक मिठाचा नकाशा. आता कोणत्याही गावच्या पाण्याचे मीठ मोजावे, नकाशावर त्या गावचा आकडा पाहावा, आणि मीठ जास्त भरले तर आसपास सांडपाणी कोठे मुरते आहे त्याचा शोध घ्यावा. ही रीत इतकी उपयोगी ठरली की १९०५ साली न्यूयॉर्क व आसपासच्या राज्यांसाठीही असा नकाशा सरकारने छापला.

या साऱ्यातले मर्म माझ्या मते असे आहे. वाईट काय हे ओळखायचे असेल तर आधी चांगले किती व कसे असते हे मोजून लिहून ठेवले पाहिजे. घरात रोज दूध किती लागते हे जिला ठाऊक आहे तिलाच दूध कमी आले हे कळते.

त्याच १८८७ साली आरोग्य मंडळाने लॉरेन्स येथे सांडपाणी व पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. वाळूच्या थरातून पाणी सावकाश झिरपू दिले तर ते शुद्ध होते, हे तेथे सिद्ध झाले. १८९३ साली लॉरेन्स शहराला वाळूच्या गाळणीतून पाणी मिळू लागले आणि त्या शहरातले टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने घटले. हे श्रेय अनेकांचे आहे. पण पाणी आधी काळजीपूर्वक तपासले गेले, म्हणून उपाय शोधता आला. शिवाय एलेनबाईंच्या प्रयोगशाळेत शिकलेले विद्यार्थी पुढे ठिकठिकाणच्या शहरांची पाणीखाती सांभाळू लागले.

घरी आल्यावरही त्यांची शोधक दृष्टी मिटत नसे. बोस्टनजवळ जमैका प्लेन येथे त्यांचे घर होते. तेथे त्यांनी जाड पडदे काढून खिडक्यांत झाडे ठेवली, जमिनीला जखडलेले गालिचे काढून झाडता येतील अशा सतरंज्या टाकल्या, स्वयंपाकघरात गॅस आणला. राज्यासाठी किराणा मालाची तपासणी केली तेव्हा दालचिनीच्या पुडीत लाकडाचा भुसा सापडला होता. १८८२ साली त्यांनी स्वयंपाक व साफसफाई यांच्या रसायनशास्त्रावर गृहिणींसाठी पुस्तक लिहिले. १८९० साली बोस्टनमध्ये कामकरी लोकांसाठी स्वस्त व पौष्टिक अन्नाचे स्वयंपाकघर उघडण्यात त्यांचा पुढाकार होता. मात्र परदेशांतून आलेल्या मजूर कुटुंबांना आपापल्या घरची चव हवी होती, त्यामुळे तो प्रयोग तितकासा रुजला नाही. १९०८ साली गृहशास्त्राची राष्ट्रीय संघटना निघाली आणि तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या अभ्यासाला इंग्रजीत इकॉलॉजी म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे घर. एका जर्मन शास्त्रज्ञाने तो १८६६ साली बनविला. १८९२ साली एलेनबाईंनी तो शब्द उचलला आणि घर, हवा, पाणी, अन्न हे सारे मिळून निकोप जगण्याचे शास्त्र या अर्थाने लोकांपुढे ठेवला. पुढे तो शब्द प्राणी व वनस्पतींच्या अभ्यासकांकडेच राहिला आणि एलेनबाईंनी आपल्या विषयाला दुसरे नाव घेतले. पण नदी, तळे आणि आपली चूल हे एकच घर आहे, ही त्यांची समजूत मला फार मोलाची वाटते.

१९१० साली स्मिथ कॉलेजाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. दुसऱ्याच वर्षी, ३० मार्च १९११ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अडुसष्ट. अखेरपर्यंत त्या शिकवीत होत्या.

भगिनींनो, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या या बाईंशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. तीन पावसाळ्यांपूर्वी आपल्या आळीत काविळीची साथ आली, हे आपणा सर्वांना आठवते. माझा धाकटा मुलगा महिनाभर अंथरुणाला खिळून होता आणि त्याची दहावीची सहामाही बुडाली. नळाचे पाणी काचेसारखे दिसत होते. विचारायला गेलो तर पाणी चांगले आहे असे तोंडी सांगण्यात आले. आधीच्या महिन्यांत पाणी कसे होते याचा कागद ना त्यांच्याकडे होता, ना आपल्याकडे. भांडायला तोंड होते, पण हातात आकडा नव्हता.

आज पाण्याची प्राथमिक तपासणी पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच जणींना पाणी तपासायला शिकविण्याची तरतूद करण्यात आली. त्या तपासणीच्या पेटीत मीठ मोजण्याचे औषधही असते. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत की नाहीत हे पाहायला एक लहान बाटलीही मिळते. तीत पाणी भरून ठेवले आणि ते काळे पडले, तर जंतूंची शंका धरावी आणि प्रयोगशाळेकडून पक्की तपासणी करून घ्यावी. मात्र एकदा तपासून भागत नाही. आपल्याकडच्या काही जमिनींत मुळातच क्षार जास्त असतात, तेव्हा दुसऱ्या गावचा आकडा आपल्याला लागू पडेलच असे नाही. आपल्या विहिरीचा स्वाभाविक आकडा आपणच महिन्या-महिन्याने लिहून काढला पाहिजे.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाने या वर्षी एक वही घालावी. सार्वजनिक विहीर, देवळामागचे तळे आणि नळाची टाकी या तीन ठिकाणचे पाणी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, भजनाच्या आधी, तपासावे आणि तारीख घालून लिहावे. पावसाळ्यात दर आठवड्याला तपासावे. पाळी वाटून घ्यावी. हळदीकुंकवाच्या वाणांचा हिशेब आपण पैशापर्यंत चोख ठेवतो, तर ही वही आपल्याला जड जाणार नाही. पहिल्या तीन महिन्यांची पाळी मी माझ्याकडे घेते. कोणाला माझ्यासोबत यायचे असेल तिने कार्यवाहबाईंकडे आपले नाव द्यावे.